कॉकटेल ड्रम किटचं रेकॉर्डिंग : किक एकटी छान वाजते, बाकी ट्रॅक उघडले की गायब होते

उभाठेका

नमस्कार मंडळी,

आमचं त्रिकूट आहे. गिटार, डबल बास आणि मी. मी उभ्यानं कॉकटेल किट वाजवतो. मुख्य ढोल १५ इंच व्यासाचा, २४ इंच उंच, तीन पायांवर उभा. वरच्या हेडवर (तोंडावर ताणलेल्या पडद्यावर) काठीनं टॉम, खालच्या हेडवर उलट्या बीटरच्या (ठोका देणाऱ्या दांडीच्या) पेडलनं किक, म्हणजे बास ड्रमचा ठोका. त्याच ढोलाच्या शेलला (खोडाला) एका बाजूनं १० इंची स्नेअर (खाली तारा असलेला छोटा ढोल) लावलेली, दुसऱ्या बाजूनं काऊबेल, आणि वर एक राइड झांज. एवढाच संसार.

खोलीत उभं राहून ऐकताना हा संच मला अतिशय आवडतो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र तो आवाज उतरत नाहीये. सध्याची माइकची मांडणी अशी : खालच्या हेडच्या खाली एकेजी डी११२, वरच्या हेडवर शुअर एसएम५७, स्नेअरवर आणखी एक एसएम५७, आणि डोक्यावर दोन कंडेन्सर माइक (ओव्हरहेड).

अडचणी :

किकचा ट्रॅक एकटा ऐकला तर भरदार आहे. वरच्या हेडचा ट्रॅक त्यात मिसळला की खालचा सगळा भाग नाहीसा होतो आणि पुठ्ठ्याचा डबा वाजल्यासारखं ऐकू येतं. टॉमचंही तेच.

प्रत्येक किकला स्नेअरची तार झणझणते.

पेडलची कुरकुर ठुमक्याच्या आधी ऐकू येते.

थोड्याच दिवसांत आम्ही चार-पाच गाणी एकत्र, लाइव्ह वाजवून रेकॉर्ड करणार आहोत. त्याआधी हे मार्गी लावायचं आहे. कॉकटेल किट वाजवणारे इथे फार नसतील, पण ध्वनीमुद्रणातली मंडळी नक्की आहेत.

---

रिमशॉट

सोपा मार्ग सांगतो. किकवर ट्रिगर (ठोका ओळखणारा सेन्सर) लावा आणि मिक्समध्ये २२ इंची बास ड्रमचा सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेला ठोका) खाली टाका. पंधरा इंची ढोलातून मोठ्या किकचा आवाज निघणार नाही. उगाच माइक हलवत बसण्यात वेळ जाईल.

---

मंद्रसप्तक

रिमशॉट, सॅम्पल टाकता येईलच, तो रस्ता शेवटपर्यंत उघडा आहे. पण उभाठेका यांनी जे लक्षण सांगितलंय (एकटा ट्रॅक भरदार, मिसळला की पोकळ) ते ढोलाच्या आकाराचं नाही. ते पोलॅरिटीचं (तरंगाच्या अधिक-उणे दिशेचं) आहे, आणि एका बटणानं सुटतं. जरा सविस्तर लिहितो, कारण या वाद्याची खरी गंमत इथेच आहे.

नेहमीच्या किटमध्ये किक वेगळी आणि फ्लोअर टॉम वेगळा. कॉकटेल किटमध्ये एकच शेल, एकच हवेचा स्तंभ आणि दोन्ही टोकांना दोन हेड. पखवाजाची दोन तोंडं उभी करून ठेवावीत तसं. कुठल्याही तोंडावर मारलं तरी दोन्ही तोंडं हलतात.

आता वरच्या हेडवर काठी पडते तेव्हा काय होतं बघा. वरचं हेड खाली जातं, म्हणजे वरच्या माइकपासून दूर. आत हवा दाबली जाते आणि खालचं हेडही खाली ढकललं जातं, म्हणजे खालच्या माइकच्या जवळ. एका माइकमध्ये तरंग उणे दिशेनं सुरू झाला, दुसऱ्यात अधिक दिशेनं. दोन्ही ट्रॅकचे फेडर (आवाज कमी-जास्त करायचे सरकते खटके) वर केले की खालच्या पट्टीतले तरंग एकमेकांना खाऊन टाकतात.

मग मनात येतं की टॉमसाठी एक माइक उलटा केला तर किकच्या वेळी गडबड होईल का? होत नाही. पेडल खालून वर मारतं तेव्हा खालचं हेड वर जातं (खालच्या माइकपासून दूर) आणि वरचं हेडही वर उचललं जातं (वरच्या माइकच्या जवळ). दिशा बदलली, पण दोन माइकमधलं नातं तेच राहिलं : एक अधिक, एक उणे. त्यामुळे दोनपैकी एका माइकची पोलॅरिटी उलटी केली की टॉम आणि किक दोन्ही एकदम सुधारतात.

कुठल्या माइकची उलटी करायची? खालच्याच. ओव्हरहेड वरून बघताहेत, म्हणजे ते वरच्या हेडच्या बाजूचे. वरचा माइक आणि ओव्हरहेड एका पक्षात ठेवा आणि खालच्याला त्यांच्याकडे वळवा. शिवाय असं केल्यावर किकचा पहिला उसळा अधिक दिशेनं सुरू होतो, म्हणजे स्पीकरचा कोन ऐकणाऱ्याकडे ढकलला जातो. नेहमीच्या बास ड्रमला समोरून माइक लावल्यावर असंच होतं.

प्रीअँपवर (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या यंत्रावर) एक तिरकी रेघ मारलेलं वर्तुळ असतं, ते बटण. नसेल तर सॉफ्टवेअरच्या प्रत्येक ट्रॅकला ही सोय असते. करून बघा आणि कळवा.

---

उभाठेका

मंद्रसप्तक, मनापासून आभार. जुन्या ट्रॅकवरच बटण दाबून पाहिलं. किक परत आली! टॉमसुद्धा. आणि तुम्ही म्हणालात तसं दोन्ही एकदमच.

आता पुढचा प्रश्न. झूम करून पाहिलं तर किकचा तरंग खालच्या ट्रॅकवर आधी दिसतो आणि वरच्या ट्रॅकवर जरासा उशिरा. वरचा ट्रॅक थोडा डावीकडे सरकवून दोन्ही शिखरं जुळवू का?

---

मंद्रसप्तक

नका सरकवू. नेहमीच्या किटवर ही युक्ती चालते, इथे अंगाशी येईल.

खोलीच्या तापमानाला आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर. तुमचा ढोल २४ इंच, म्हणजे ६१ सेंटिमीटर. वरून खाली किंवा खालून वर जायला साधारण १.८ मिलिसेकंद. किकच्या वेळी खालचा माइक १.८ नं पुढे असतो, टॉमच्या वेळी वरचा माइक १.८ नं पुढे असतो. तुम्ही किकसाठी ट्रॅक जुळवलात की टॉमचा फरक दुप्पट होऊन ३.६ वर जातो. ९० हर्ट्झच्या सुराला ३.६ मिलिसेकंद म्हणजे आवर्तनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि १४० हर्ट्झच्या आसपास तर अर्धं आवर्तन. तिथे टॉमचं पोट कापलं जाईल.

आहे तसं ठेवलं तर १.८ दोन्हीकडे सारखंच वाटलं जातं. ७० हर्ट्झला तो आवर्तनाचा आठवा हिस्सा. कानाला त्रास होत नाही. जरा वरच्या पट्टीत थोडी खोडाखोड होते, पण तिचा उपाय म्हणजे दोन्ही माइक सारख्या जोरात न ठेवणं. एकाला मुख्य करा, दुसरा आधाराला.

---

वायरब्रश

मी अनेक वर्षं कॉकटेल किट वाजवतेय, बहुतेक वेळा ब्रशनं. मंद्रसप्तकांनी माइकची बाजू छान मांडली. मला ढोलाबद्दल बोलायचंय, कारण या किटच्या रेकॉर्डिंगच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा ड्रम-कीनं (हेड ताणायच्या चावीनं) सुटतात.

पहिलं, दोन हेडचे सूर. दोन्ही हेड एकाच सुराला लावले तर ढोल खूप वेळ घुमत राहतो आणि किक व टॉम ओळखू येत नाहीत. ऐकणाऱ्याला वाटतं की एकच ढोल कधी हळू, कधी जोरात वाजतोय. खालचं हेड सुरकुत्या जेमतेम जातील इतपत ढिलं ठेवा, सगळे लग (कडेचे ताणाचे स्क्रू) एकसारखे. मग वरचं हेड त्याच्यापेक्षा साधारण चौथ्या किंवा पाचव्या सुरावर न्या (सा खाली धरला तर वर मध्यम किंवा पंचम). मला पंचम आवडतो. दोन हेड हवेनं बांधलेले असल्यामुळे एक फिरवलं की दुसऱ्याचाही सूर थोडा हलतो, म्हणून वरखाली दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात. घाई करू नका.

दुसरं, हेड कुठलं. खाली दोन पदरी किंवा कडेला दाबणारी कडी असलेलं, बास ड्रमसाठी बनवतात तसं. ते घुमणं आपोआप आवरतं. वर एक पदरी कोटेड. ब्रश वाजवणार असाल तर कोटेडला पर्याय नाही, गुळगुळीत हेडवर ब्रशचा आवाजच येत नाही. खालच्या हेडवर बीटर अगदी मध्यावर न लागता थोडा बाजूला लागला तर सूर जास्त आणि ठोसा कमी मिळतो. तुमच्या डबल बासच्या सोबतीला कदाचित तेच बरं वाटेल, पण ते ऐकून ठरवा.

तिसरं, स्नेअरची झणझण. नेहमीच्या किटवर स्नेअर वेगळ्या स्टँडवर असते आणि झणझण फक्त हवेतून येते. इथे ती शेललाच स्क्रूनं जोडलेली आहे, किकचा प्रत्येक हादरा लोखंडातून सरळ तारांपर्यंत पोचतो. रेकॉर्डिंगपुरती स्नेअर उतरवून वेगळ्या स्टँडवर ठेवा. ढोलाला खेटून ठेवली तरी चालेल, हाताला सवयीची जागा बदलत नाही. अर्धी झणझण इथेच संपते. उरलेल्यासाठी स्नेअरचं खालचं हेड मुख्य ढोलाच्या सुरापासून दूर न्या आणि तारांच्या दोन्ही टोकांशेजारचे लग किंचित ढिले करा. तारा घट्ट आवळून झणझण थांबवायचा मोह होतो. तसं करू नका, स्नेअर गुदमरते.

थोडी झणझण राहू द्या, हेही आग्रहानं सांगते. ती पूर्ण पुसली की किट वेगवेगळ्या खोल्यांत वाजवल्यासारखं ऐकू येतं.

---

जुनाखोका

वायरब्रश ताईंच्या स्नेअरच्या मुद्द्याला जोडून. जुन्या कॉकटेल ड्रममध्ये स्नेअरच्या तारा मुख्य ढोलाच्या वरच्या हेडलाच आतून लावलेल्या असत. तसा ढोल असेल तर किकबरोबर स्नेअर वाजणारच, तो त्या वाद्याचा स्वभाव आहे. अशा ढोलावर तारा सोडवून आधी ढोल रेकॉर्ड करणं आणि स्नेअर वेगळी घेणं हाच पर्याय उरतो.

हे वाद्य १९४० च्या दशकात छोट्या लाउंजमधल्या वादकांसाठी लोकप्रिय झालं. कमी जागा आणि उभा वादक, बहुतेकदा गाणाराही तोच. स्लिंगरलँड, ग्रेच अशा कंपन्यांनी ते बनवलं. पुढे यामाहानं ड्रमवादक स्टीव्ह जॉर्डन यांच्याबरोबर क्लब जॉर्डन नावाचं कॉकटेल किट काढलं, त्यामुळे नव्या पिढीचं लक्ष पुन्हा तिकडे गेलं.

काही बनावटींत ढोलाच्या आत मधोमध पडदी असते, म्हणजे वरचा आणि खालचा भाग वेगळा. तुमच्या ढोलात नसेल तर स्वतः करता येते. जाड फोमची चकती कापायची, व्यास शेलच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित जास्त म्हणजे ती स्वतःच अडकून बसते. मध्यापासून थोडी खाली. चकतीला मधे तळहाताएवढं भोक ठेवा. पूर्ण बंद केली तर दोन्ही ढोल उथळ वाजतात. भोकामुळे हवा जाते-येते पण किकच्या वेळी टॉम फारसा घुमत नाही. फोम कधीही काढता येतो, शेलला काही होत नाही.

---

टेपवाला

आता खालच्या माइककडे या.

खालच्या हेड आणि जमिनीमधली जागा फार थोडी. त्यात पेडल, बीटर, वादकाचा पाय. डी११२ सारखा मोठा माइक तिथे तिरपा कोंबावा लागतो आणि त्याचं तोंड बहुधा पेडलकडेच राहतं. म्हणून कुरकुर. दोन उपाय.

एक म्हणजे बाउंडरी माइक, उदाहरणार्थ शुअर बीटा ९१ए. चपटा, जमिनीवर ठेवायचा. जमिनीच्या पृष्ठावरच असल्यामुळे जमिनीवरून परतणारा आवाज आणि सरळ येणारा आवाज एकाच क्षणी पोचतात, त्यांची एकमेकांत काटछाट होत नाही. जमिनीपासून वीस-तीस सेंटिमीटरवर लटकवलेल्या माइकमध्ये ती होते आणि मधल्या पट्टीत खड्डे पडतात. पेडलच्या विरुद्ध बाजूला ठेवा. खाली दुमडलेलं जाड कापड, नाहीतर पायाचा प्रत्येक दणका जमिनीतून त्यात शिरेल.

दुसरा, साधा डायनॅमिक माइकच वापरायचा तर ढोलाच्या बाहेर, पेडलच्या विरुद्ध बाजूनं खालच्या कडेपाशी आणा, कड आणि मध्य यांच्या बरोबर अर्ध्यावर रोख ठेवा. जवळ नेलं की खालचे सूर फुगतात, हा दिशादर्शी माइकचा गुणधर्म. छोट्या ढोलाला तो उपकारक आहे, फुकटचा गुबगुबीतपणा मिळतो. फक्त इलेक्ट्रो-व्हॉइस आरई२० सारखा माइक घेतलात तर तो मुद्दाम हा फुगवटा टाळण्यासाठी बनवलेला आहे, तिथे हा फायदा धरू नका.

पेडलची कुरकुर माइकनं लपवू नका, पेडलवरच दुरुस्त करा. सांध्यांना तेलाचा थेंब, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत फोमचा तुकडा, बीटरचा स्क्रू घट्ट. पायात मऊ तळव्याचे बूट किंवा नुसते मोजे. पेडलच्या पट्टीवर बुटाचा टाच-टाच आवाज रेकॉर्डिंगमध्ये फार स्पष्ट येतो.

जमीन हाही या किटचा भाग आहे, हे लोक विसरतात. नेहमीचा बास ड्रम समोर बघतो, हा खाली बघतो. टणक लाकडी फळीवर उभा केला तर किक चमकदार आणि मोठी, जाड गालिच्यावर उभा केला तर कोरडी आणि नेमकी. मी फळीवर पाय आणि माइकच्या जागेपुरता गालिचा अशी मधली वाट धरतो.

---

रिमशॉट

सॅम्पलचा मुद्दा मी मागे घेत नाही, पण मंद्रसप्तकांचं म्हणणं पटलं. आता एक तांत्रिक भर घालतो.

खालच्या ट्रॅकवर गेट (ठरावीक जोराचा आवाज आला तरच उघडणारं साधन) लावणार असाल तर टॉमच्या प्रत्येक ठोक्यालाही तो उघडेल, कारण खालच्या माइकमध्ये टॉमचा घुमारा भरपूर येतो. गेटच्या साइडचेनला (गेट कशानं उघडायचं हे ठरवणाऱ्या सिग्नलला) हायपास फिल्टर (खालचे सूर गाळणारा) लावा, साधारण २.५ किलोहर्ट्झच्या वर. बीटरची टकटक त्या पट्टीत असते आणि ती फक्त किकच्या वेळी येते. टॉमच्या काठीचा वरचा आवाज ढोलातून खाली पोचेपर्यंत मावळलेला असतो. गेट मग किकलाच उघडतो. पूर्ण बंद करू नका, दहाएक डेसिबल खाली आणा, पुरे.

आणि खरंच अजून खोल हवं असेल तर सॅम्पलऐवजी त्याच गेटनं एक साधा साइन सूर उघडा. ढोलाच्या सुराच्या अर्ध्या वारंवारतेवर लावा, एक सप्तक खाली, आणि अगदी थोडा मिसळा. सुरात राहतो आणि ढोलाचं व्यक्तिमत्त्व बदलत नाही.

---

मंद्रसप्तक

साइडचेनची युक्ती उत्तम आहे रिमशॉट, मी वापरून बघणार. साइन सुराबद्दल मात्र इथे मी नाही म्हणेन. उभाठेका यांच्याकडे डबल बास आहे. त्याची खालची तार मोकळी वाजली की ४१ हर्ट्झ. तळ त्याचा आहे. पंधरा-सोळा इंची ढोलाचा मूळ सूर बहुतेक वेळा ७० ते १०० हर्ट्झच्या मधे कुठेतरी बसतो, आणि तिथे तो बासच्या अंगावर न येता सुंदर बसतो. कॉकटेल किकला ५० हर्ट्झ देण्यासाठी इक्यूत (वेगवेगळ्या पट्ट्यांचा जोर बदलणाऱ्या साधनात) खालचा भाग उचलला की जमिनीचा हादरा आणि पावलांचा आवाजच वाढतो, कारण त्या जागी ढोलाचं स्वतःचं काही नसतं.

या किटमध्ये मला जे प्रिय आहे ते हेच, की सगळं एका जागेतून येतं. ते मोठ्या किटची नक्कल करायला लागलं की त्याचा आवाज जातो आणि मोठ्या किटचाही येत नाही. ज्यांना तो आवाज हवा त्यांनी मोठं किट जरूर लावावं.

इक्यू अगदी मोजका : ३५ हर्ट्झखाली कापा, मूळ सुरावर एक-दोन डेसिबल, ३०० ते ४०० मधला डबाडबा आवाज थोडा काढा, आणि छोट्या स्पीकरवर किक कळावी म्हणून ३ किलोहर्ट्झच्या आसपास किंचित वर. पोलॅरिटी आणि ट्यूनिंग नीट असेल तर यातलंही अर्धंच लागेल.

---

वायरब्रश

मंद्रसप्तक, अगदी मनातलं बोललात. आणि त्याचाच पुढचा भाग म्हणजे ओव्हरहेड.

दोन कंडेन्सर डावी-उजवीकडे पसरवून लावायची सवय मोठ्या किटची. हा संच रुंदीला जेमतेम एक मीटर. दोन माइक पसरले की मुख्य ढोल मधे राहतो आणि स्नेअर विनाकारण एका कानात जाते. मी एकच माइक लावते, डोक्यावर नाही, समोर. वादकाच्या छातीच्या उंचीला, एक मीटरभर अंतरावर, थोडा खाली झुकवून वरच्या हेडच्या कडेकडे रोखलेला. रिबन माइक मिळाला तर झांजेची कड मऊ येते. पण रिबन पाठीमागूनही तितकंच ऐकतो, म्हणून त्याच्या मागे भिंत जवळ नको.

आधी हा एकच ट्रॅक उघडून ऐका. झांज, स्नेअर, टॉम, किक यांचा तोल यातच सत्तर-ऐंशी टक्के जुळला पाहिजे. जुळत नसेल तर माइक हलवा : खाली नेला की किक वाढते, वर नेला की राइड वाढते. हातानंही तोल साधा, राइड हलकी वाजवा. त्यानंतर खालचा माइक हळूहळू वर आणा, किक नुसती टेकल्यासारखी वाटेपर्यंत. मग स्नेअर, तीही लागली तर. वरच्या हेडचा जवळचा माइक मला बहुतेक वेळा लागतच नाही.

---

टेपवाला

ताई, एका मोनो माइकशी सहमत, पण ज्यांना थोडी रुंदी हवी त्यांच्यासाठी : दोन माइक लावा, फक्त दोघांचं वरच्या हेडच्या मध्यापासून अंतर दोरी धरून सारखं करा. एक समोरून छातीच्या उंचीवर, दुसरा वादकाच्या उजव्या खांद्यावरून. ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांची ड्रमला माइक लावायची पद्धत बऱ्याच जणांना माहीत असेल, तिच्यात हे अंतर स्नेअरपासून मोजतात. इथे मुख्य ढोलापासून मोजायचं, कारण सगळ्याचं केंद्र तो आहे.

उभ्या वादकामुळे आणखी एक गोष्ट बदलते. वरून लावलेला माइक छताच्या फार जवळ जातो आणि छतावरून परतलेला आवाज लगेच मिसळतो. ताईंची समोरची जागा त्यासाठीही बरी. वरूनच लावायचा असेल तर छताला किटच्या बरोबर वर शोषक पॅनेल टांगा.

---

उभाठेका

तुम्हा सगळ्यांचं वाचताना वही भरली. एक महत्त्वाची गोष्ट सांगायची राहिली होती : दोन गाणी मी स्वतः गातो, वाजवता वाजवता. तोंडासमोरच्या माइकमध्ये राइड एवढी येते की आवाज वर नेला की झांजही वर जाते. गाणं नंतर वेगळं रेकॉर्ड केलं तर वाजवण्यातली मजा जाते, म्हणून एकत्रच करायचं आहे.

---

टेपवाला

एकत्रच करा, जमतं. माइकच्या बहिऱ्या बाजूचा उपयोग करा.

साधा कार्डिऑइड माइक बरोबर पाठीमागे, १८० अंशाला बहिरा असतो. सुपरकार्डिऑइड पाठीमागून थोडं ऐकतो, त्याच्या बहिऱ्या जागा दोन्ही बाजूंना तिरप्या, साधारण १२६ अंशावर. उभा वादक गातो तेव्हा राइड माइकच्या पाठीमागे सरळ नसते, समोर एका बाजूला असते. म्हणजे सुपरकार्डिऑइडची बहिरी जागा तिच्यावर आणणं सोपं. हेडफोन लावा, कुणाला तरी राइड सावकाश वाजवायला सांगा आणि माइक अंशाअंशानं फिरवा. झांज एकदम बारीक होते ती जागा सापडली की स्टँड घट्ट करा. राइड जराशी खाली आणि चपटी ठेवलीत तर आणखी फरक पडेल.

जी झांज तरीही येईल ती चांगल्या आवाजाची असेल असं बघा. त्या माइकमधून फक्त किट ऐका, कडवट वाटलं तर माइक बदला. गाण्याचा माइक हा या किटचा आणखी एक ओव्हरहेड आहे असं धरूनच मिक्स करा. त्याचीही पोलॅरिटी समोरच्या माइकशी तपासा.

---

उभाठेका

काल संध्याकाळी पूर्ण मांडणी करून चाचणी रेकॉर्डिंग केलं.

स्नेअर वेगळ्या स्टँडवर. वरचं हेड खालच्यापेक्षा पंचमानं वर (मध्यमही लावून पाहिला, डबल बासबरोबर पंचम जास्त मोकळा वाटला). आत फोमची चकती, मधे भोक. फळीवर ढोल, खाली उसना आणलेला बाउंडरी माइक, पोलॅरिटी उलटी. समोर एक कंडेन्सर छातीच्या उंचीवर. स्नेअरचा एसएम५७ लावला आहे पण फेडर जवळजवळ तळाशी. वरच्या हेडचा माइक काढून टाकला.

फरक इतका आहे की आमच्या गिटारवाल्यानं विचारलं, ढोल बदललास का? किक आता बासच्या बरोबर वर बसते, दोघं वेगळे कळतात. झणझण नावापुरती उरली, ती मला आवडतेय.

एकच गोष्ट खटकते. जिथे टॉम आणि किक एकाच मात्रेवर येतात तिथे दोन्ही बारीक होतात. एकेकटे छान, एकत्र आले की हलके. पोलॅरिटी पुन्हा तपासली, बरोबर आहे.

---

मंद्रसप्तक

हे माइकमुळे होत नाही, ढोलातच होतंय. वरचं हेड खाली आणि खालचं हेड वर, दोन्ही एकदम आत ढकलले जातात. मधली हवा दोन्हीकडून दाबली जाते आणि स्प्रिंगसारखी कडक होते. एकेकट्या ठोक्याला दोन्ही हेड एका दिशेनं डोलतात, तेव्हा खोल सूर निघतो. समोरासमोर दाबले की तो खोल प्रकारच जागा होत नाही, वरचा निघतो.

तुमच्या चकतीचं भोक थोडं लहान करून बघा, दोन्ही भाग जितके वेगळे होतील तितका हा परिणाम कमी. पण मला वाटतं खरा उपाय वाजवण्यात आहे. त्या मात्रेवर टॉम ठेवा आणि किक सोडा, किंवा टॉमऐवजी स्नेअर घ्या. नाहीतर टॉम किंचित आधी, फ्लॅमसारखा. या किटसाठी ठेका बसवताना किक आणि टॉम एकाच हातातल्या दोन बोलांसारखे धरायचे, एकामागून एक येणारे.

---

वायरब्रश

फ्लॅमचा उपाय मी नेहमी करते, ब्रशनं तर तो कळतही नाही. काठीनं वाजवताना टॉम आधी आणि किक मागून असा क्रम ठेवा. उलटं केलं तर अडखळल्यासारखं वाटतं.

आणि प्रत्यक्ष रेकॉर्डिंगच्या दिवशी गाण्यांच्या आधी एक छोटी फाइल करून ठेवा : फक्त किकचे काही ठोके, फक्त टॉमचे, दोन्ही एकाआड एक, मग स्नेअर, मग राइड. मिक्सच्या वेळी गेट आणि इक्यू लावायला तीच उपयोगी पडते. दोन गाण्यांच्या मधे ड्रम-की हाताशी ठेवा, खालचं ढिलं हेड पेडलच्या माऱ्यानं आणखी उतरत जातं.

---

उभाठेका

ताई, मंद्रसप्तक, दोन्ही करतो. एका गाण्यात समेवर टॉम-किक एकत्र आहे, तिथे टॉमच ठेवतो, बास समेवर आहेच. चकतीचं भोक आज अर्धं बुजवून बघणार. रिमशॉट, गेटची साइडचेन लावून ठेवली आहे, टॉमला अजिबात उघडत नाही. टेपवाला, गाण्याच्या माइकची जागा सापडली, स्टँडच्या पायांच्या जागी जमिनीवर टेपच्या खुणा केल्या आहेत.

गाणी रेकॉर्ड झाली की याच धाग्यावर ट्रॅक टाकतो, आधी नुसता समोरचा माइक आणि मग पूर्ण मिक्स, म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल.